ओवी : ग्रंथांच्या आधी उखळापाशी जन्मलेला शब्द

१.
भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. भोवती धानाची शेती, माजी मालगुजारी तलाव आणि झाडीबोली बोलणारी माणसे. मराठी साहित्याच्या इतिहासात या गावाचे नाव सहसा येत नाही. तरीही मराठीतील सर्वांत जुन्या काव्यप्रकाराच्या नावाचा शोध घ्यायचा असेल, तर धानाच्या या मुलखातून निघणे योग्य ठरते. तो शब्द म्हणजे ‘ओवी’. आजचा थ्रेड या एका शब्दाच्या अर्थाचा आणि उगमाचा.

२.
ओवी म्हटले की आपल्याला प्रथम ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सांगितला गेलेला सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ. त्यामुळे ओवी हा संतांनी घडवलेला छंद असावा, अशी अनेकांची समजूत असते. परंतु हा शब्द ज्ञानेश्वरीहून किमान दीडशे वर्षांनी जुना आहे. आणि त्याच्या पहिल्या ठळक उल्लेखात ना संत आहेत, ना ग्रंथ. तिथे आहेत काम करणाऱ्या स्त्रिया.

३.
तो उल्लेख मराठी पुस्तकातला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ आहे. काळ शके १०५१, इ.स. ११२९ च्या आसपास. राज्यकारभार, वास्तू, पाककला, हत्ती, घोडे, संगीत अशा नाना विषयांचा हा कोशच आहे. त्याच्या संगीतविषयक भागात कोणते गीत कुठे आणि कोणी गावे याची एक यादी येते.

४.
त्या यादीत विवाहप्रसंगी ‘धवल’ गावे, योगिजनांनी ‘चर्या’ गावी, असे सांगत राजा महाराष्ट्रापाशी येतो. महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी त्याची नोंद आहे. नोंद एवढीच, पण तिच्यात चार गोष्टी निश्चित होतात : प्रदेश महाराष्ट्र, गाणाऱ्या स्त्रिया, प्रसंग श्रमाचा आणि गीताचे नाव ओवी.

५.
येथे ‘कांडण’ हा शब्द नीट पाहा. आपण ओवीचे नाते जात्याशी जोडतो. बाराव्या शतकातील या नोंदीत मात्र दळण नाही, कांडण आहे. म्हणजे उखळ आणि मुसळ. दळण मुख्यतः ज्वारी-बाजरी-गव्हाचे. कांडण प्रामुख्याने धानाचे. साळीचे टरफल काढून तांदूळ मिळवण्याचे ते काम. म्हणून एकोडीसारख्या धानाच्या गावाला या उल्लेखात विशेष अर्थ आहे. ओवीचा पहिला नोंदला गेलेला ठेका मुसळाचा आहे, आणि मुसळाचा आवाज या मुलखात घरोघरी होता.

६.
याचा अर्थ ओवी झाडीपट्टीतच जन्मली, असा नव्हे. धान कोकणातही पिकते, मावळातही पिकते, आणि सोमेश्वराने ‘महाराष्ट्र’ एवढेच म्हटले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे टाकू नये. परंतु ओवी ही एखाद्या विद्यापीठाची अथवा मठाची देणगी नव्हती, ती श्रमाच्या जागी आधीपासून नांदत होती, एवढे विधान या पुराव्यावर निःशंक करता येते.

७.
आता शब्दाच्या व्युत्पत्तीकडे वळू. सर्वाधिक प्रचलित मत असे की ‘ओवी’ ही ‘ओवणे’ या क्रियापदापासून आली. सुईत दोरा ओवतात, दोऱ्यात मणी ओवतात. तशी शब्दांत शब्द ओवून केलेली रचना ती ओवी. ‘ओवणे’ या क्रियापदाचा संबंध संस्कृतातील ‘वे’, म्हणजे विणणे, या धातूशी जोडला जातो. आपण रोज वापरतो तो ‘ओतप्रोत’ हा शब्द याच कुळातला : आडव्या-उभ्या धाग्यांनी विणलेला.

८.
ही कल्पना काही आगळीवेगळी नाही. ‘ग्रंथ’ हा शब्द ‘ग्रंथ्’ म्हणजे गाठणे, गुंफणे या धातूपासून आलेला. ‘सूत्र’ म्हणजे दोरा. ‘प्रबंध’ म्हणजे नीट बांधलेली रचना. प्राचीन ग्रीसमध्ये महाकाव्ये म्हणून दाखवणाऱ्या गायकाला ‘ऱ्हाप्सोड’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ गाणी शिवणारा. रचना करणे आणि धागा गुंफणे ही दोन कामे माणसाला अनेक भाषांत सारखी वाटली आहेत.

९.
ज्ञानेश्वरांनाही हे नाते जाणवलेले दिसते. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ते आपल्या रचनेविषयी बोलतात, तेव्हा लहानथोरांना सहज कळेल अशा ओवीबंधात आपण अक्षरे गुंफली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. गुंफणे आणि ओवी हे दोन शब्द तिथे शेजारीशेजारी येतात. जुन्या हस्तलिखितांत हा शब्द पुष्कळदा ‘वोवी’ असा लिहिलेला आढळतो. आरंभीच्या ‘ओ’ऐवजी ‘वो’ लिहिण्याची ती जुनी पद्धत, शब्द तोच.

१०.
परंतु ‘ओवणे’ हे उत्तर मान्य करण्यापूर्वी आणखी एक साक्षीदार तपासावा लागतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण (कारकीर्द सुमारे १२१० ते १२४७) याच्या पदरी शार्ङ्गदेव हा अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा भारतीय संगीतशास्त्राचा आधारभूत ग्रंथ लिहिला. त्यातील प्रबंधप्रकारांत त्याने ओवीचे लक्षण दिले आहे.

११.
शार्ङ्गदेवाच्या मते ओवीची लक्षणे अशी : तिचे तीन खंड असावेत, त्यांत प्रास म्हणजे यमक असावे, ती देशभाषेत गायली जावी, आणि शेवटी ‘ओवी’ हे पद यावे. शेवटचे लक्षण पुन्हा वाचा. गीताच्या अखेरीस ‘ओवी’ हा शब्दच गायला जात असे. म्हणजे तो त्या गाण्याचा पालुपदासारखा शेवट होता.

१२.
येथून व्युत्पत्तीचा दुसरा मार्ग निघतो. गाण्याचे नाव त्याच्या पालुपदावरून पडणे ही लोकगीतांतील नेहमीची गोष्ट आहे. आपली ‘भलरी’ पाहा. शेतात काम करताना ‘भलरी’ असा ललकार देत जे गाणे म्हणतात, त्याचेच नाव भलरी. तसेच कांडताना प्रत्येक कडव्याच्या शेवटी जो शब्द लांबवून म्हटला जाई, त्यावरून गीताला ‘ओवी’ म्हटले गेले असेल, हे संभवते.

१३.
मग खरे कोणते? माझ्या मते ही दोन मते एकमेकांच्या विरोधात उभी करण्याचे कारण नाही. पालुपद म्हणून येणारा शब्द निरर्थकच असला पाहिजे, असे नाही. गाणारी स्त्री प्रत्येक कडव्याअंती ‘ही ओवली’ अशा अर्थाने तो शब्द उच्चारत असेल, तर शब्दाचा अर्थ ‘ओवणे’ मधून येतो आणि गीतप्रकाराचे नाव पालुपदातून पडते. हे अनुमान आहे. पण दोन्ही साक्षी त्यात एकत्र बसतात.

१४.
या अनुमानाला आधुनिक काळातील एक दुवा आहे. जात्यावर गाणाऱ्या स्त्रिया आजही ओव्या मोजतात. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी आईवडिलांना, तिसरी भावाला, अशा क्रमाने त्या प्रत्येक ओवी कोणाला तरी अर्पण करतात, आणि तसे करताना ‘ओवी’ हा शब्द ओवीतच उच्चारतात. शब्दाची जागा शेवटाकडून आरंभाकडे आली. पण गीताने स्वतःचे नाव स्वतःच घेण्याची सवय शार्ङ्गदेवाच्या काळापासून टिकलेली दिसते.

१५.
आता तीन खंड आणि त्यापुढे एक लहान शेवट, ही रचना लक्षात ठेवा. ग्रंथांतील ओवीचा सांगाडा हाच आहे : पहिली तीन चरणे यमकाने बांधलेली, चौथे आखूड आणि यमकाविना. अक्षरसंख्येचे बंधन सैल. नमुन्यादाखल येथे मीच एक ओवी जुळवतो :

उखळात पडतो धानाचा दाणा ।
मुसळाचा ठेका, सुराचा ताणा ।
लिपी न जाणे, तरी शहाणा ।
कंठ तिचा ॥

‘दाणा, ताणा, शहाणा’ हे तीन खंडांचे यमक. ‘कंठ तिचा’ या जागी पूर्वी ‘ओवी’ हे पद असावे. पालुपद गळाले आणि त्याच्या रिकाम्या जागेत चौथे आखूड चरण आले, अशी संगती लावता येते.

१६.
गाण्यातून ग्रंथात हा प्रवास कधी झाला? येथे आपण पुन्हा वैनगंगेकाठी येतो. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ओवीबद्ध ग्रंथ परंपरेने शके १११०, इ.स. ११८८ चा मानला जातो. तो काळ धरला, तर मराठीतील हा आद्य ग्रंथ ठरतो. काही अभ्यासक मात्र त्याला इतका जुना मानत नाहीत. ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख येतो. विदर्भातील परंपरा ही अंबानगरी म्हणजे नागपूर-भंडारा सीमेवरील आंभोरा असे सांगते, जिथे वैनगंगेचा अन्य नद्यांशी संगम होतो. मराठवाड्यातील परंपरेनुसार ती अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी तिथेच दाखवतात.

१७.
हा वाद एका थ्रेडमध्ये मिटणार नाही, आणि गावाच्या अभिमानापोटी तो मिटवूही नये. आपल्या विषयासाठी महत्त्वाची बाब वेगळी आहे. विवेकसिंधूचा विषय अद्वैत वेदान्त. संस्कृतात शतकानुशतके चर्चिले गेलेले ब्रह्मज्ञान मराठीत सांगायचे ठरले, तेव्हा संस्कृत वृत्ते हाताशी असतानाही निवडली गेली ती ओवी. कांडणाऱ्या स्त्रियांच्या ओठांवरचा बंध तत्त्वज्ञानाचे भाष्य वाहू लागला.

१८.
विदर्भातच आणखी एक पाऊल पडले. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र. तेथे गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या प्रसंगी महदंबेने ‘धवळे’ रचले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात. विवाहात गायचे ‘धवल’ मानसोल्लासाच्या यादीत ओवीच्या सोबतच होते, हे आठवा. राजाच्या कोशात निनावी असलेल्या गायिकांपैकी एकीचे नाव दीडशे वर्षांनंतर आपल्याला कळते.

१९.
ज्ञानेश्वरांनी या बंधाचे स्वरूपच बदलले. आपली ओवी गायली तर गाणे तिचा अलंकार होते, आणि न गाता नुसती वाचली तरी तिला उणेपणा येत नाही, असे त्यांनी सुचवले आहे. हे वाक्य म्हणजे मराठी साहित्यातील एक वळण आहे. श्रमगीत म्हणून ज्याचा जन्म झाला, ते आता ठेक्यावाचून, मुसळावाचून, केवळ वाचनासाठीही उभे राहू शकत होते. येथून कंठस्थ ओवी आणि ग्रंथस्थ ओवी असे दोन प्रवाह झाले.

२०.
याच कुळात अभंगही येतो. ‘अ-भंग’ म्हणजे न भंगणारा, अखंड. नामदेवांच्या नावावर असलेल्या एका रचनेत अभंगाचा हिशेबच दिला आहे : साडेतीन चरणे, पहिल्या तीन चरणांची मिळून अठरा अक्षरे आणि अखेरीस एकूण बावीस. म्हणजे ६, ६, ६ आणि ४. तीन समान भाग व आखूड शेवट! ओवीचा सैल सांगाडा अक्षरांच्या मापात बसवला की मोठा अभंग तयार होतो. छंदाभ्यासकांनी अभंगाला ओवीचेच अपत्य मानले, ते याच कारणाने.

२१.
ओवीचा विस्तार पुढे कुठवर झाला ते पाहा. एकनाथांनी काशीत शके १४९५, इ.स. १५७३ मध्ये एकनाथी भागवत ओवीतच पूर्ण केले. रामदासांचा दासबोध ओवीत. श्रीधरांचे शिवलीलामृत ओवीत. आणि गोव्यात इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण, जे इ.स. १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले, तेही सुमारे अकरा हजार ओव्यांचे! बायबलची कथा मराठी कानांना सांगायची, तर बंध ओवीचाच हवा, हे त्या परदेशी माणसालाही उमगले होते.

२२.
जगातही याला समांतर उदाहरण आहे. प्राचीन ग्रीक भाषेत दळतानाच्या गाण्याला स्वतंत्र नाव होते, आणि प्लुटार्क या लेखकाने लेस्बोस बेटावरील दळणाऱ्या स्त्रीच्या गाण्याच्या काही ओळी नोंदवून ठेवल्या आहेत. त्या गाण्यात ती तिथल्या सत्ताधीशाचेही नाव घेते. पण तिथे ते गाणे अवशेष म्हणून उरले. मराठीत मात्र श्रमगीताच्या नावानेच एका भाषेचे आरंभीचे वाङ्मय उभे राहिले. हा फरक लहान नाही.

२३.
मग ज्या स्त्रियांनी हा बंध घडवला, त्यांच्या ओव्यांचे काय झाले? त्या लिहिल्या गेल्या नाहीत. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे त्या कानोकान गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्यांचे संकलन उभे केले. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. हे भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावर २०१७ पासून क्रमाने प्रकाशित होत आहे. त्यात देव आहेत, माहेर आहे, मारहाण आहे, दुष्काळ आहे, बाबासाहेब आंबेडकरही आहेत. ज्यांना इतिहासाने बोलू दिले नाही, त्यांनी आपला इतिहास पहाटे जात्याशी बोलून ठेवला होता.

२४.
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रश्न केवळ भाषेचा वाटत नाही. आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी, कागदपत्रे यांना साधने म्हणतो. ती बहुतांशी राजांची, दात्यांची आणि लिपी जाणणाऱ्यांची साधने आहेत. आक्षीचा शके ९३४ चा शिलालेखही दानाची व्यवस्था सांगतो. ते धान कोणी कांडले, हे सांगत नाही. ओवी हे कांडणाऱ्या बाजूचे साधन आहे. अडचण एकच : दगड आठशे वर्षे टिकतो, कंठ एका आयुष्यापुरता.

२५.
भंडारा-गोंदियात राईस मिल आल्या आणि कांडण गेले. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याचा खेद करू नये. पहाटे उठून तासन्‌तास कांडण्या-दळण्याचे कष्ट ज्या स्त्रियांनी सोसले, त्यांना यंत्र आल्याचा आनंदच झाला असेल, आणि तो योग्यच होता. परंतु काम सुटले तसे गाण्याचे निमित्तही सुटले. ज्यांनी उखळाजवळ वा जात्याजवळ प्रत्यक्ष ओव्या म्हटल्या, त्या स्त्रिया आज सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत.

२६.
म्हणून एकोडी, साकोली, लाखनी, लाखांदूर किंवा तुमचे जे गाव असेल तिथल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या आजीच्या किंवा शेजारच्या वृद्ध मावशींच्या ओव्या त्यांच्या अनुमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. सोबत गाव, दिनांक, त्यांचे माहेर, ती ओवी कोणत्या कामाच्या वेळी म्हणत आणि कोणाकडून शिकल्या, एवढे लिहून ठेवा. कांडणाची ओवी वेगळी होती का, हे आवर्जून विचारा. दळणाच्या ओव्यांचे मोठे संकलन झाले आहे. धानाच्या मुलखात हा प्रश्न विचारण्याची गरज अधिक आहे.

२७.
आणि एक पथ्य पाळा : त्यांची भाषा ‘शुद्ध’ करू नका. झाडीबोलीत ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो, ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. साकोलीच्या परिसरात राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा जो अभ्यास केला, त्याने हे भेद म्हणजे दोष नसून नियम आहेत, हे दाखवून दिले. आजी ‘डोरा’ म्हणाल्या, तर ‘डोरा’च लिहा. सोमेश्वराने गाण्याचे नाव जपले, पण शब्द जपले नाहीत. ती उणीव भरून काढणे आज आपल्या हाती आहे.

२८.
थोडक्यात सांगायचे तर : इ.स. ११२९ च्या सुमारास कांडणाऱ्या स्त्रियांची ओवी संस्कृत कोशात नोंदली गेली. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने तिचे तीन खंड आणि ‘ओवी’ हे अंत्यपद सांगितले. मुकुंदराज, महदंबा, ज्ञानेश्वर यांनी तिला वाङ्मयात आणले; तिच्यातून अभंग घडला; ती काशीपासून राशोलपर्यंत गेली. शब्दाचा अर्थ ओवणे हा असो वा पालुपदाचा, तो आधी ज्यांच्या ओठी होता त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. आपल्या घरातील अशा एका स्त्रीचे नाव आणि तिची एक ओवी तुम्ही या थ्रेडखाली लिहिलीत, तर ती यादी आजपासून सुरू होईल.